दोन खडक आणि खोलीभर धूर: मारिओ बाव्हाचा अंतराळपट

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. कुठलाही चित्रपट पाहायला बसले की माझी नजर आधी दिवे शोधते, गोष्ट मागून येते. कोणता स्पॉट कुठून मारलाय, सावली कुणीकडे पडतेय, रंग जिलेटीनचा, म्हणजे दिव्यासमोर लावलेल्या रंगीत कागदाचा, आहे की नंतर चढवलेला, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. म्हणूनच कमी पैशांत काढलेले अंतराळातले भयपट मला जवळचे वाटतात. तिथे सेटवर उधळायला पैसा नसतो. सगळी भिस्त अंधारावर आणि दिव्यांवर. दिवे करणारा कच्चा असेल तर ते पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि पक्का असेल तर पुठ्ठ्याची भिंतसुद्धा अंगावर येते.

या जातीतला जो चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहते तो इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाचा, १९६५ सालचा. मूळ इटालियन नाव 'तेरोरे नेल्लो स्पात्सिओ', म्हणजे अंतराळातली दहशत. 'अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स'ने तो 'प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स' या नावाने अमेरिकेत लावला आणि आज बहुतेक जण त्याला याच नावाने ओळखतात. नावावर जाऊ नका. सुळे असलेलं, रक्त पिणारं यात कुणीही नाही. यात जे आहे त्याला शरीरच नाही, आणि तीच खरी भीतीची गोष्ट आहे.

दोन यानं आहेत, 'आर्गोस' आणि 'गॅलिअट'. ऑरा नावाच्या, कायम धुक्यात बुडालेल्या ग्रहावरून संकटाचा संदेश येतो आणि दोन्ही यानं तिकडे वळतात. आर्गोस उतरतं आणि उतरताक्षणी आतली माणसं एकमेकांचे गळे धरतात. काही कारण नाही, भांडण नाही, डोळ्यांत ओळख नाही. कप्तान मार्क तेवढा भानावर राहतो आणि एकेकाला मारून, गदागदा हलवून शुद्धीवर आणतो. जागे झाल्यावर त्यांना यातलं काही आठवत नाही. गॅलिअटवर मात्र असं भानावर राहिलेलं कुणी नव्हतं. तिथे पोचल्यावर सापडतात ती प्रेतं. मग त्यांना पुरलं जातं, आणि मग पुरलेले उठतात. यापुढचं सांगत नाही. शेवट तर मुळीच सांगणार नाही, कारण शेवटच्या काही मिनिटांत चित्रपट असा उलटतो की आधीचं सगळं मनात पुन्हा लावून पाहावं लागतं.

गोष्टीचं बीज रेनातो पेस्त्रिनिएरो या इटालियन विज्ञानकथाकाराच्या कथेत आहे. कथेचं नाव 'एकवीस तासांची रात्र'. चित्रपटाच्या नावापेक्षा हे नाव मला जास्त आवडतं. खरंच, ऑरावर सकाळ कधी होतच नाही.

आता मुद्द्याचं. हा ग्रह कशाचा बनवलाय?

बाव्हाने स्वतः सांगितलेली हकिगत अशी की त्याच्यापाशी स्टुडिओत प्लास्टिकचे दोन खडक होते. हो, दोनच. कुठल्याशा पौराणिक चित्रपटाच्या सेटवरून उरलेले. ते त्याने मधोमध ठेवले, आरसे लावून त्यांचे पुष्कळ केले, जमीन दिसू नये म्हणून धूर सोडला आणि वर रंगीत दिवे टाकले. झाला ग्रह. चित्रपटाचा एकूण खर्च सुमारे २ लाख डॉलर सांगितला जातो. दोन यानं, एक अख्खा ग्रह, कबरी आणि एका परक्या जातीच्या यानाचा सांगाडा, हे सगळं तेवढ्यात बसवायचं होतं.

ही हकिगत वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. आमच्या एका तालमीनंतर रिकाम्या रंगमंचावर मी ते करून पाहिलं. थर्माकोलचा एक खडक, अ‍ॅक्रिलिकचे दोन आरसे, धुराचं यंत्र. आधी समोरून फ्लड, म्हणजे सगळीकडे पसरणारा दिवा, टाकला. धूर पांढरी भिंत होऊन उभा राहिला, आणि खडक म्हणजे त्या भिंतीला टेकवलेला थर्माकोल, बाकी काही नाही. मग समोरचे सगळे दिवे बंद केले. एक हिरवा स्पॉट मागून, जमिनीलगत. एक जांभळा डावीकडच्या विंगेतून, उंचावरून. धुराला खोली आली. कडा तेवढ्या उजळल्या आणि मधला भाग काळा राहिला, त्यामुळे आरशातला खडक कुठे सुरू होतो आणि खरा कुठे संपतो ते मलाच दिसेना. आरसे मी स्वतः लावले होते तरी.

यात दोन गोष्टी कळल्या. पहिली, धूर समोरून उजळला की लपवतो आणि मागून उजळला की दाखवतो. हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, पण त्याच्या जोरावर एक ग्रह उभा राहू शकतो असं मला कधी वाटलं नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. आरसा फक्त खडक दाखवत नाही, समोरून जाणारा माणूसही दाखवतो. आमचा एक मुलगा मदतीला थांबला होता, तो खडकामागून चालत गेला आणि तीन मुलगे चालताना दिसले. म्हणजे आरसा कुठल्या कोनात ठेवायचा, नटाने कुठून कुठवर चालायचं, कॅमेरा कुठे बसवायचा हे सगळं आधी इंचाइंचाने ठरवायला हवं. त्यानंतर मी हा चित्रपट पाहते तेव्हा नटांच्या पायांकडेही बघते. ते धुक्यातून जपून पावलं टाकतात. अनोळखी ग्रहावर माणूस अशीच टाकेल, आणि आखलेल्या रेषेवरून चालणारा नटही अशीच टाकेल.

बाव्हा कुठल्या तालमीत तयार झाला हे इथे सांगायलाच हवं. त्याचे वडील एउजेनिओ बाव्हा मूकपटांच्या काळातले मूर्तिकार, छायालेखक आणि कॅमेऱ्यातल्या करामतींचे जाणकार. मुलगा तेच पाहत वाढला. १९६० मध्ये दिग्दर्शक म्हणून स्वतःच्या नावाचा पहिला चित्रपट येण्याआधी त्याने कितीतरी वर्षं छायालेखक म्हणून काढली. १९५७ च्या 'इ व्हाम्पिरी'मध्ये एक तरुण बाई कॅमेऱ्यासमोर, मध्ये काही न कापता, म्हातारी होते. युक्ती दिव्यांची आहे. चित्रपट कृष्णधवल. चेहऱ्यावर सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या. लाल दिव्यात त्या दिसत नाहीत. हळूहळू लाल उतरवायचा आणि हिरवा चढवायचा, की त्या काळ्या होऊन वर येतात. पडद्यावर रंगच नसल्याने दिवे बदलले हे प्रेक्षकाला कळत नाही, म्हातारपण येताना तेवढं दिसतं. कार्यशाळेत मुलांना रंगांविषयी शिकवताना मी हे करून दाखवते. दिवे कमी-जास्त करणारे दोन डिमर आणि एक लाल पेन्सिल, बस. मुलं दर वेळी पुन्हा करायला लावतात.

ज्याने हे केलं त्याच्या हातात पुढे रंगीत फिल्म आली. ऑरावर त्याचं काय झालं ते बघा. दिवा कुठून येतो याचं गोष्टीत काहीच कारण नाही. आकाशात चंद्र नाही की हातात टॉर्च नाही, तरी खडकाची एक बाजू लाल आणि दुसरी निळी. नाटकात आम्हाला सतत विचारलं जातं की हा दिवा आला कुठून, खिडकीतून की कंदिलातून? बाव्हा हा प्रश्न उडवून लावतो, आणि त्यामुळे ग्रह आजारी वाटतो. प्रकाश तिथल्या मातीतून, हवेतून पाझरत असल्यासारखा. जिथे दोन रंग एकमेकांवर येतात तिथे माणसांच्या चेहऱ्यांचा रंग नासतो. या माणसाच्या आत आता दुसरं कुणी आहे का, अशी शंका यायला तेवढं पुरतं. संवादांची गरज उरत नाही.

पोशाखांचंही तसंच. काळं चामडं, गळ्याभोवती उंच कॉलर, आणि अंगावरून जाणारी पिवळट-नारिंगी पट्टी. अंधाऱ्या जागी काळे कपडे घालणं हा आमच्याकडे गुन्हाच, माणूस मागच्या काळ्या पडद्यात विरघळून जातो. इथे तो विरघळावा असंच योजलंय. दुरून फक्त ती पट्टी दिसते. अंगाची रेघ चालते, अंग दिसत नाही.

आता तो प्रसंग. गॅलिअटवरच्या मेलेल्यांना पुरलंय आणि आसपास कुणी नाही. धातूच्या जड झडपा सावकाश वर येतात, खालून माणसं उभी राहतात, आणि ती पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आहेत. सगळं संथ गतीत. ती हातांनी आपलं प्लास्टिक फाडतात. पडद्यावर रक्त नाही, किंकाळी नाही. प्लास्टिकवर दिवा पडला की तो एका जागी ठरत नाही, प्रत्येक चुणीवर वेगळा चमकतो. आतला चेहरा क्षणभर दिसतो, क्षणात पांढऱ्या चमकेखाली जातो. सामान भरायला वापरतात तसल्या प्लास्टिकने एवढं केलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हाताला घाम आला होता, आणि परवा पाहिलं तेव्हाही आला.

मधल्या भागात मार्क आणि सान्या यांना एक जुनं, मोडकं, परक्या जातीचं यान सापडतं. आत सांगाडे आहेत, माणसापेक्षा कितीतरी पट मोठे. तिथे कधीकाळी नोंदवलेला एक आवाज वाजू लागतो, आणि मग दार बंद होतं. १९७९ चा 'एलियन' ज्यांनी पाहिलाय त्यांना संकटाचा संदेश, ओसाड ग्रह, सोडून दिलेलं यान आणि राक्षसी सांगाडा ही मालिका ओळखीची वाटेल. त्यावरून वाद घालणारे पुष्कळ आहेत, मला त्यात पडायचं नाही. मी एवढंच सांगेन की हा प्रसंग जरूर पाहा आणि त्यात कान उघडे ठेवा. संगीत जीनो मारिनुत्झी धाकटे यांचं आहे, इलेक्ट्रॉनिक, आणि बराच वेळ ते संगीत आहे की यानाची घरघर हे सांगता येत नाही. मला अशी पार्श्वभूमी फार आवडते. 'आता घाबरा' असं ती सांगत नाही.

दोष आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. माणसं सपाट आहेत. मार्कचं काम करणारा बॅरी सुलिव्हन अमेरिकन, सान्या झालेली नॉर्मा बेंगेल ब्राझीलची, बाकीचे बहुतेक इटालियन आणि स्पॅनिश, आणि सगळ्यांवर नंतर आवाज चढवलेले. ओठ एक बोलतात, कानाला दुसरं येतं. बॅरी सुलिव्हन खंबीर आहे पण त्याच्या चेहऱ्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच ताण. दुय्यम पात्रांची नावं लक्षात राहत नाहीत. कोण मेला, कोण उठला आणि आता कोण पुन्हा मेला याचा हिशेब ठेवताना दुसऱ्यांदा पाहणारेही गोंधळतील. उल्का परतवण्याच्या यंत्रावरून जी पळापळ होते ती मला लांबलेली वाटते. तिथे तांत्रिक शब्द फार आणि भीती कमी. सगळा चित्रपट दीड तासाच्या आतला आहे, तरी तेवढ्यापुरता तो जड होतो.

यानाच्या आतल्या नेपथ्याबद्दल मात्र माझं मत बदललं. आधी वाटायचं की यंत्रं घ्यायला पैसे नव्हते म्हणून नियंत्रण कक्ष इतका मोकळा ठेवलाय. मोठी लांबरुंद जागा, थोडी यंत्रं, मध्ये नुसती जमीन. पण हाणामारीचा प्रसंग त्याच जमिनीवर होतो, आणि एवढ्या मोकळ्या जागेत आडोसा कुठेच नाही. शिवाय अशा रिकाम्या जागेत माणूस एकटा उभा राहिला की तो लहान दिसतो. अंतराळातलं एकटेपण दाखवायला बहुतेक जण अरुंद बोगदे बांधतात. इथे उलट केलंय.

कुठली प्रत पाहावी याबद्दल थोडं, कारण या चित्रपटाच्या बाबतीत त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मी पहिल्यांदा पाहिली ती प्रत विटलेली होती. हिरवा करडा झालेला, जांभळा तपकिरी, काळ्या भागात नुसता चिखल. तेव्हा मी हा चित्रपट अर्ध्यावर सोडला होता. पुढे किनो लॉर्बर या कंपनीची २०१४ ची ब्ल्यू-रे मिळाली तेव्हा कळलं की मी चित्रपट पाहिलाच नव्हता. त्या तबकडीवर टिम लुकास यांचं समालोचन आहे. बाव्हावर त्यांचा अभ्यास मोठा, त्यामुळे दुसऱ्यांदा पाहताना ते लावाच. २०१६ मध्ये कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपटांच्या विभागात याची दुरुस्त केलेली प्रतही दाखवली गेली.

नेटवरून पाहणार असाल तर एक धोका आहे. धूर, मंद उजेड आणि हळूहळू बदलणारा रंग, या तीन गोष्टी दाबून लहान केलेल्या फाइलला मुळीच झेपत नाहीत. धुक्यात चौकोन दिसू लागतात, रंगाच्या पायऱ्या पडतात. ज्या चित्रपटात धूर हीच जमीन आहे तिथे असं झालं तर काय उरणार? शक्य तेवढी मोठी, स्वच्छ प्रत घ्या. खोलीत पूर्ण काळोख करा. टीव्हीवरचा चित्र आपोआप उजळ करणारा पर्याय बंद करा, कारण बाव्हाने काळं ठेवलेलं ते यंत्र करडं करून टाकतं.

हा आवडला तर पुढे काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. 'इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस' हा १९५८ चा, यानात शिरलेला एक प्राणी आणि मजल्यामागून मजला वर सरकणारी माणसं. राक्षसाचा पोशाख आज टिकत नाही, रचना टिकते. 'डार्क स्टार' १९७४ चा, विद्यार्थिदशेत सुरू केलेला. त्यातला परग्रहवासी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळतात तसला फुगवायचा चेंडू. तो विनोदाकडे झुकतो, पण यानातला कंटाळा इतका खरा मी दुसरीकडे पाहिला नाही.

'गॅलेक्सी ऑफ टेरर'बद्दल थोडं थांबून बोलायला हवं. १९८१ चा, निर्माता रॉजर कॉर्मन. ज्याची त्याची भीती त्याच्यासमोर उभी करणारा ग्रह, ही कल्पना बाव्हाच्या जवळची. सेटची योजना जेम्स कॅमेरॉनची, तेव्हा तो 'टर्मिनेटर'पासून काही वर्षं दूर होता. सेट सजवणाऱ्यांत पुढे नट म्हणून गाजलेला बिल पॅक्स्टन. यानाच्या बोळांतल्या भिंतींवर बर्गरचे फोमचे डबे चिकटवून वर रंग मारल्याचं सांगतात, आणि पडद्यावर ते यंत्राचे भाग म्हणून सहज खपून जातात. ग्रहावरच्या पिरॅमिडच्या आतला काळोख छायालेखक जाक हाइटकिनने सुंदर टिपलाय. नट सिड हेगचं बहुतेक मुकं काम मला विशेष आवडतं, त्याची भीती तो खांद्यांनी दाखवतो. पण त्याच चित्रपटात एका बाईवर राक्षसी अळीने केलेल्या अत्याचाराचा एक प्रसंग आहे. तो निव्वळ तिकिटं खपवण्यासाठी घातलाय, त्यात भय नाही, फक्त हीनपणा आहे. मी तो पुढे ढकलते आणि इतरांनाही तेच सांगते. बाव्हाला असं काही करावं लागलं नाही. त्याच्या हातात पैसे होते थोडेच, पण माणसाचा चेहरा हिरवा केला की त्याच्या आत काय गेलंय हे प्रेक्षकाला आपोआप कळेल, हा विश्वास त्याच्यापाशी होता.

परवा मी ऑरावरचे सगळे प्रसंग पुन्हा एका कामासाठी पाहिले. दोनच खडक असतील तर कुठे ना कुठे तोच खडक पुन्हा दिसायला हवा. तीच खाच, तोच उंचवटा, उलटा का होईना. हातात कागद-पेन्सिल घेतली, चित्र थांबवून थांबवून प्रत्येक खडकाची कड काढली. एकोणीस रेखाटनं झाली. खिडकीवरच्या काचेला लावून, एकावर एक ठेवून, उलटी-सुलटी करून पाहिली. दोन ठिकाणी वाटलं की सापडला. पुन्हा चित्र लावून पाहिलं तर नेमक्या त्या खाचेपाशी धूर आला होता.

रेखाटनं जपून ठेवली आहेत. पुढच्या खेपेला कडा सोडून सावल्या काढून बघणार आहे.